निवांत परदेशप्रवासाचे नियोजन : कोळवणच्या खाचरांपासून जपानच्या भातशेतीपर्यंत

प्रस्तावना :

देशाटनाने माणूस शहाणा होतो, ही शिकवण मराठी माणसाला शालेय वयापासून परिचित आहे. मात्र देशाटन म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच केला जातो. गेल्या तीन-चार दशकांत परदेशप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. सहल कंपन्यांनी भाषा, भोजन आणि व्हिसा या तीन अडचणी सोडवल्या, हे त्यांचे मोठे कार्य मान्यच करावे लागेल. परंतु त्याबरोबरच नऊ-दहा दिवसांत पाच-सहा शहरे पाहण्याची पद्धतही रूढ झाली. पहाटे सामान बांधणे, दिवसभर बसप्रवास आणि रात्री नवे हॉटेल या क्रमात पाहिलेले फार आणि उमगलेले थोडे, अशी अवस्था होते. ज्या प्राध्यापकाने अनेक वर्षांच्या बचतीतून वृद्ध आई-वडिलांसह आयुष्यातील कदाचित एकच दूरचा प्रवास करावयाचे ठरविले आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही.

प्रस्तुत लेखात निवांत परदेशप्रवासाची संकल्पना स्पष्ट करून तिच्या नियोजनाची तत्त्वे जपानच्या तीन आठवड्यांच्या प्रवासाच्या उदाहरणाने मांडली आहेत. निवांतपणा हा योगायोगाने लाभत नाही. काय पाहावयाचे नाही हे आधी ठरविल्यानेच तो लाभतो, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

मराठी प्रवासवर्णनांची साक्ष :

दीर्घ मुक्कामाची परंपरा मराठीस नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहणे हे तत्कालीन निमित्त होते. परंतु त्या तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘प्रवासवृत्त’ या शब्दाआधी ‘लोकस्थिती’ हा शब्द येतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्थळे धावतपळत पाहता येतात. लोकस्थिती तशी पाहता येत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ या १९६३ च्या पुस्तकाने आग्नेय आशिया व जपान मराठी वाचकांच्या घरात आणले. २०२५ मध्ये निधन पावलेल्या मीना प्रभू यांनी ‘मेक्सिकोपर्व’, ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ अशी पुस्तके लिहिली. एका देशास एक ग्रंथ, ही त्यांच्या बहुतेक प्रवासलेखनाची मांडणी म्हणजे एक प्रकारे प्रवासविषयक भूमिकाच आहे. आजच्या सहलपत्रिकेतील एकेका दिवसाला या लेखकांनी किती काळ दिला असता, हा प्रश्न विचारला तरी दोन पद्धतींतील अंतर ध्यानात येते.

कोळवणचे उदाहरण :

निवांत प्रवासाचे तत्त्व समजून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मुळशी तालुक्यातील कोळवण हे पौडमार्गे पुण्याहून सहज गाठता येणारे गाव आहे. चिन्मय मिशनचे चिन्मय विभूती हे केंद्र येथे असून तिकोना किल्लाही जवळच आहे. रविवारी शहरातून येणारा पर्यटक किल्ला चढतो, छायाचित्रे काढतो आणि संध्याकाळी परततो. त्याने कोळवण पाहिले काय?

हे खोरे भाताचे आहे. पावसाळ्यापूर्वी शेतकरी पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजतो. पावसाच्या आरंभी त्याच जागी पेरणी होते. जुलैमध्ये गुडघाभर चिखलात लावणी चालते आणि दिवाळीच्या सुमारास कापणी येते. मे महिन्यात येणाऱ्यास काळवंडलेले वाफे आणि कोरडी खाचरे दिसतील, तर जुलैमध्ये येणाऱ्यास पाण्याने भरलेली खाचरे. दोघांपैकी कोणाचेही पाहणे खोटे नाही. पण दोन-तीन दिवस राहून काळे वाफे कशासाठी, हे ज्याने गावकऱ्यास विचारले, त्याचेच पाहणे पुरते म्हणता येईल. ऋतू, मुक्काम आणि विचारण्याजोगा प्रश्न या तीन गोष्टी कोळवणमध्ये जितक्या आवश्यक आहेत, तितक्याच दूरच्या देशातही आहेत. किंबहुना परदेशी जाण्यापूर्वी अशा एखाद्या गावी वाहनाविना दोन रात्री राहून पाहणे ही उत्तम पूर्वतयारी ठरते. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणास कंटाळा येतो, कोणाचे गुडघे दुखतात आणि कोणास एकांत हवा असतो, हे तेथेच कळून येते.

नियोजनाची तत्त्वे :

१. ऋतूची निवड : महाविद्यालयीन प्राध्यापकास दीर्घ सुटी मुख्यतः मे महिन्यात मिळते आणि तिचाही काही भाग उत्तरपत्रिका तपासणीत जातो. म्हणून परीक्षाविषयक जबाबदारीचे वेळापत्रक आणि इच्छित देशाचे पंचांग एकमेकांशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे या काळात लागोपाठ सार्वजनिक सुट्या येतात. ‘गोल्डन वीक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आठवड्यात संपूर्ण देश प्रवासास निघतो. गाड्या भरतात आणि निवासाचे दर चढतात. दुसरीकडे क्योतो परिसरात साधारणपणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाळा सुरू होतो. या दोहोंमधील ८ ते २८ मे हा काळ आल्हाददायक हवेचा असून तो आपल्या सुटीतही बसतो.

२. वगळण्याचा निर्णय : एक मुक्काम हलविण्यास सामान बांधणे, खोली सोडणे, प्रवास आणि नव्या जागी स्थिरावणे मिळून सुमारे अर्धा दिवस जातो, असे धरू. नऊ दिवसांत सहा शहरे म्हणजे पाच स्थलांतरे, अर्थात अडीच दिवस. एकवीस दिवसांत चार मुक्काम म्हणजे तीन स्थलांतरे, अर्थात दीड दिवस. पहिल्या योजनेत चतुर्थांशाहून अधिक काळ सामानापायी जातो; दुसरीत चौदावा हिस्सा.

या हिशोबाने क्योतो येथे अकरा रात्री, कानाझावा येथे सहा, शिराकावा-गो या डोंगरी गावात दोन आणि परतीपूर्वी ओसाका येथे एक रात्र, अशी मांडणी करता येते. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँग येथे विमान बदलून थेट ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरल्यास टोकियो गाठण्याची गरज उरत नाही. या योजनेत टोकियो नाही आणि फुजी पर्वतही नाही. नातलग याविषयी विचारतील. त्याचे उत्तर निघण्यापूर्वीच स्वतःशी ठरलेले असावे.

३. एक प्रश्न सोबत नेणे : स्थळांच्या यादीऐवजी एखादा प्रश्न घेऊन गेल्यास प्रवासास आपोआप दिशा मिळते. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकास क्योतोमधील ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ खुणावेल. कालव्याकाठच्या या सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेचे नाव क्योतो विद्यापीठातील तत्त्वचिंतक निशिदा कितारो (१८७०-१९४५) यांच्या नित्याच्या फेरफटक्याशी जोडलेले आहे. निशिदा मूळचे कानाझावाजवळचे. तेथील काहोकू गावी त्यांच्या विचारांना वाहिलेले संग्रहालय असून त्याची वास्तू तादाओ आंदो यांनी रचिली आहे. अशा रीतीने दोन मुक्काम एका सूत्रात गुंफले जातात. भूगोलाच्या अथवा अर्थशास्त्राच्या अध्यापकास शेती हे सूत्र घेता येईल, तर मराठीच्या अध्यापकास ‘पूर्वरंग’मधील जपान आणि आजचा जपान यांची तुलना करता येईल.

४. वाहतूक व खर्च : जपान रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. रोज नवे शहर गाठणाऱ्यासाठी असे पास आखलेले असतात. वरील योजनेतील साऱ्या लांबच्या प्रवासाची सुटी तिकिटे एकत्र केली तरी ती या रकमेहून पुष्कळ कमी भरतात. मार्च २०२४ पासून शिंकान्सेन मार्ग त्सुरुगापर्यंत वाढल्याने क्योतोहून कानाझावास जाताना त्सुरुगा येथे एकदा गाडी बदलावी लागते. कानाझावाहून शिराकावा-गो बसने सुमारे सव्वा तासावर आहे. निवासाचा खर्च दिवसांबरोबर वाढतो हे खरे. परंतु स्वयंपाकघर असलेली जागा दीर्घ काळासाठी घेतल्यास भोजनाचा खर्च पुष्कळसा आटोक्यात राहतो.

५. आहार व आरोग्य : शाकाहारी कुटुंबासाठी स्वयंपाकघर ही चैन नसून गरज आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ‘दाशी’ हे सार बहुधा सुकविलेल्या बोनितो माशापासून तयार होते; त्यामुळे केवळ भाजीचा दिसणारा पदार्थही निखळ शाकाहारी असेलच असे नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन मात्र शाकाहारी असते. भात, टोफू आणि ताज्या भाज्या कोठेही मिळतात. मसाल्याची छोटी डबी नेल्यास वडीलधाऱ्यांची सोय होते. ताजी फळे व भाज्या मात्र नेऊ नयेत.

नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे स्वतःपुरती, एक महिन्यापर्यंतच्या प्रमाणात, सामान्यतः वेगळ्या परवान्याविना नेता येतात. तीन आठवड्यांचा प्रवास या मर्यादेत बसतो. परंतु स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तेथे अडचणीचे कारण ठरू शकते.

६. कागदपत्रांचा क्रम : डिसेंबर-जानेवारीत निवास निश्चित करावा व पारपत्राची मुदत तपासावी. संस्थेकडे परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज याच वेळी द्यावा. तो शेवटच्या आठवड्यावर ढकलल्याने अनेकांचे बेत बिघडतात. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून साधारण तीन महिने वैध असतो. म्हणून मे महिन्यातील प्रवासासाठी मार्चमध्ये अर्ज करणे सोयीचे. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. मुक्काम थोडे असल्यास हा कार्यक्रम प्रामाणिकपणे आणि सहज भरता येतो. नियम बदलत असल्याने अर्जापूर्वी दूतावासाची अद्ययावत सूचना पाहणे आवश्यक आहे.

७. मोकळे दिवस : चार दिवसांमागे एक दिवस पूर्णपणे मोकळा ठेवावा. कपडे धुणे, बाजारहाट, जवळच्या बागेत बसणे एवढेच त्या दिवसाचे काम. पाऊस, आजारपण किंवा अचानक जडलेली आवड यांना जागा देण्याचे सामर्थ्य याच दिवसांत असते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणून पहिले दोन दिवस कोणताही कार्यक्रम न ठेवणे शरीराच्या दृष्टीनेही हितावह आहे.

मर्यादा :

हा मार्ग सर्वांसाठी नाही. ज्यांना आठवड्याहून अधिक रजा मिळत नाही, परक्या भाषेचे दडपण येते किंवा सोबतीची गरज आहे, त्यांना सहल कंपनीच अधिक उपयुक्त ठरते. स्वतः नियोजन करणाऱ्यास चुकीचे स्थानक, हरवलेली वाट आणि क्वचित पस्तावाही स्वीकारावा लागतो. वृद्धांसाठी एका जागीचा मुक्काम सुखाचा असला, तरी दवाखाना, उद्वाहन आणि प्रवास विमा यांची चौकशी आधीच झाली पाहिजे. तथापि आठवड्याभराच्या सुटीतही सहाऐवजी दोन ठिकाणे निवडता येतात. तत्त्व तेच राहते.

समारोप :

शिराकावा-गो हे उतरत्या गवती छपरांच्या घरांचे गाव १९९५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य पर्यटक तेथे बसने येतात आणि काही तासांत परततात. कोळवणच्या रविवारच्या पर्यटकासारखेच. शेवटची बस गेल्यानंतर जो मागे राहतो, त्यास गाव गावासारखे दिसते. मे महिन्याच्या उत्तरार्धात तेथे भातलावणीचे दिवस येतात. कोळवणचा शेतकरी तेव्हा आभाळाकडे पाहत असतो, कारण त्याची लावणी मोसमी पावसाच्या हाती असते. तिकडे हिवाळ्यात साचलेले बर्फ वितळून डोंगरातून पाणी खाली येते, म्हणून लावणी पावसाळ्याची वाट पाहत नाही.

हा फरक स्थळांच्या यादीत लिहिलेला नसतो. तो कळण्यासाठी बांधावर थांबावे लागते आणि थांबण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. तो राखून ठेवणे हेच निवांत प्रवासाच्या नियोजनाचे प्रयोजन होय. असा प्रवासी जुलैमध्ये कोळवणच्या रस्त्याने जाईल, तेव्हा पाण्याने भरलेली खाचरे पाहून तो गाडी थांबवील. दूरच्या देशाने दिलेले शहाणपण ते हेच.