घरची वही

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येऊ लागले. सही येते, हिशेबाच्या चार ओळी येतात. पण लिहिलेले राहणार कुठे? सुट्या चिठोऱ्यावर लिहिले तर ते वाऱ्याने जाते, उंदीर नेतो, नाहीतर चूल पेटवायला जाते.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. १९७२ सालचा दुष्काळ. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात. दुकानात उधारी होती. पैसे भरले की दुकानदार चिठ्ठी देई. वडील ती भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवीत. पुढे हिशेबाला बसले, तर दोन चिठ्ठ्या तारेला नव्हत्या. दुकानदाराच्या चोपडीतही ते पैसे जमा नव्हते. वडिलांनी चाळीस रुपये दुसऱ्यांदा भरले. चूक कोणाची, ते मी आजही सांगू शकत नाही. आमच्याजवळ दाखवायला कागद नव्हता, एवढे खरे.

शिवलेल्या वहीचे तसे नसते. कागद मधोमध दुमडला की दोन पाने होतात, आणि शिवण त्या घडीतून जाते. म्हणजे पाने जोडीने असतात. एक पान कोणी मुळातून फाडले, तर त्याचे जोडीदार पान सैल होऊन बाहेर येते. चोरी लपत नाही. पानांना आकडे घातलेले असले तर विचारायलाच नको.

बाजारात तयार वही मिळते. पण ती पुष्कळदा दोन तारांवर टाचलेली असते. पावसाळ्यात तार गंजते नि मधली पाने सुटतात. आता खिशात फोन आहे, त्यातही हिशेब ठेवता येतो. ठेवावा. पण फोन पाण्यात पडला म्हणजे हिशेबही पाण्यात.

कागद आणि कापड यांचे नाते जुने आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गठ्ठ्यांना रुमालच म्हणतात. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथे सुती चिंध्या भिजवून, कुटून हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे. तेव्हा कागदाला कापडाचे कव्हर घातले, तर ते भावाला भाऊ भेटल्यासारखेच.

आता कामाला लागू. फुलस्केप कागदाचा एक दस्ता आणा. दस्त्यात २४ ताव येतात; मोजून घ्या. ताव पुरता उघडला की १७ इंच लांब नि साडेतेरा इंच रुंद असतो. लांबीच्या मध्यावर कापून दोन तुकडे करा. असे ४८ तुकडे होतील. सहा-सहा तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. या एका घडीला बांधणीवाले जुज म्हणतात. आठ जुज झाले, म्हणजे ९६ पाने. वही साडेआठ इंच उंच नि पावणेसात इंच रुंद होईल. घडी नखाने दाबू नका, कागद चकाकतो. लाकडी पट्टीने दाबा.

प्रत्येक जुजाच्या घडीवर सहा भोके पाडायची. वरून मोजून अर्धा, अडीच, तीन, साडेपाच, सहा आणि आठ इंचांवर खुणा करा. एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्या एकदाच करून घ्या आणि तीच पट्टी आठही जुजांना लावा. भोके सरळ रेषेत आली नाहीत तर वही वाकडी होते, मग कोणी काही करू शकत नाही. दाभणाने आतून बाहेर टोचा.

दोरा गोधडीचा घ्या. त्याला मेण लावा, म्हणजे गुंतत नाही. अर्धा इंच रुंदीच्या सुती नाडीचे दोन तुकडे घ्या. एक दुसऱ्या-तिसऱ्या भोकांच्या मधे, एक चौथ्या-पाचव्यांच्या मधे, असे बाहेरून उभे धरायचे. सुई पहिल्या भोकातून आत घाला. दोऱ्याचे शेपूट चार बोटे बाहेर ठेवा. दुसऱ्यातून बाहेर, नाडीवरून, तिसऱ्यातून आत. चौथ्यातून बाहेर, नाडीवरून, पाचव्यातून आत. सहाव्यातून बाहेर. वर दुसरा जुज ठेवा आणि तसेच उलटे या. पहिल्या भोकाशी आलात की शेपटाशी गाठ मारा. तिसऱ्या जुजापासून पुढे दर टोकाला सुई खालच्या दोन जुजांच्या मधल्या टाक्याखालून काढून घ्या नि मग वर चढा. शेवटी तिथेच गाठ. ज्या बायकांनी गोधड्या शिवल्या आहेत, त्यांना हे एकदा दाखवले की पुरते. पुरुष मंडळी दोरा फार ओढतात आणि कागद फाडतात.

आता खळ करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळा. किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विष आहे. त्याचे भांडे वेगळे ठेवा, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

शिवलेल्या कण्याला खळ लावून मलमलीची पट्टी चिकटवा. ती दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर राहू द्या. पुढे-मागे एकेक जाड कागद दुमडून घडीच्या कडेला चिकटवा. हे अस्तर.

पुठ्ठे दोन. उंची वहीपेक्षा पाव इंच जास्त, रुंदी पानापेक्षा सूतभर कमी. तिसरी पट्टी कण्याच्या जाडीइतकी. कापड मांजरपाट किंवा लुगड्याचा धड भाग. विरलेले धोतर नको, त्यातून खळ वर येते. खळ पुठ्ठ्याला लावा, कापडाला नव्हे. पुठ्ठा, दोन सूत जागा, पट्टी, दोन सूत जागा, पुठ्ठा, असे कापडावर मांडा. भोवती पाऊण इंच कापड सोडून आत मुडपा. कोपरे तिरपे कापा, पण पुठ्ठ्याच्या अगदी टोकाशी नको, नाहीतर पुठ्ठा उघडा पडतो.

वही आत बसवा. नाड्या, मलमल आणि अस्तराचे बाहेरचे पान पुठ्ठ्याला चिकटवा. कापड वाळताना पुठ्ठा आपल्याकडे ओढते. आतून अस्तर ओढते, म्हणून तो सपाट राहतो. अस्तराच्या दोन पानांमधे कोरडा कागद घालून वही पाट्याखाली ठेवा. उन्हाळ्यात एक रात्र, पावसाळ्यात तीन.

माझ्या वहीला वडिलांच्या फेट्याचे कापड आहे. त्यात पहिली ओळ चाळीस रुपयांचीच लिहिली आहे.

नवी वही एकदम मधोमध उघडू नका, कणा मोडतो. पुढून चार पाने, मागून चार पाने, अशी हळूहळू उघडत मधापर्यंत या. मग पहिल्या पानावर १ लिहा आणि शेवटच्या पानापर्यंत आकडे घालून घ्या.