विटाळाशीं झुंजणारा कवि

राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली व १९५५ सालच्या कायद्यानें तिचें आचरण शिक्षेस पात्र ठरलें, हें आमचे वाचक जाणतातच. परंतु कायद्याचें काम फिर्याद आल्यानंतरचें. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तो अन्याय न वाटला, तर फिर्याद करणार कोण? पूर्वजन्मींचें पाप म्हणून जें पिढ्यान् पिढ्या सोसलें, तो दुसऱ्यानें लादलेला जुलूम आहे, हें आधीं कोणीं तरी सांगावें लागतें. नागपूर प्रांतीं तें सांगणाऱ्यांत कवि किसन फागू बनसोडे अग्रणी होत.

बनसोडे यांचा जन्म १८७९ सालीं मोहपा येथें, महार समाजांत झाला. १९०७ सालीं त्यांनीं नागपुरांत मुलींसाठीं शाळा काढून तिला चोखामेळ्याचें नांव दिलें. वरिष्ठ म्हणविणारीं घरेंहि मुलीला शाळेंत धाडण्यास कचरत, त्या काळची ही गोष्ट! पुढें १९१० सालीं 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ सालीं 'विटाळ विध्वंसक', १९१८ सालीं 'मजूर पत्रिका', अशीं पत्रें त्यांनीं चालविलीं. पत्र चालविण्यास काय लागतें तें आम्हांस ठाऊक आहे. ज्याचे वाचक रोजच्या मजुरीवर जगतात, त्या संपादकाचा जमाखर्च कसा जुळत असेल, हें व्यापारी वाचकांनींच ताडावें.

त्यांच्या कवितेंत अलंकार शोधूं नयेत. ती सोपी आहे. ज्यांच्या हातीं पाटी आली नाहीं, त्यांच्याही कानीं पडावी अशी आहे. तिचा आधार चोखोबा. ज्या संताची समाधि पंढरपुरास महाद्वाराबाहेर राहिली, त्याचेंच नांव बनसोडे यांनीं शाळेला दिलें आणि पुढें पत्रालाही. चोखोबांची विनवणी पुरेशी नाहीं, असें पुढच्या पिढीनें ठरविलें, व १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच नागपुरांत डॉ. आंबेडकरांसमवेत लाखों लोकांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या पिढीचा निर्णय आम्ही चुकीचा म्हणत नाहीं. किंबहुना विनवणीला शतकानुशतकें काय उत्तर मिळालें, तें पाहतां तो अटळच होता. तथापि त्या समाजाला 'तूं माणूस आहेस' असें आधीं सांगणाऱ्यांत हा चोखोबाचा भक्त होता, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. बनसोडे १९४६ सालीं वारले. पुढल्याच वर्षींच्या मे महिन्यांत, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, विठ्ठलाचें दार सर्वांस उघडलें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

बेसा हें नागपूरच्या दक्षिणेचें खेडें आतां शहराला मिळालें आहे, आणि नव्या इमारतींबरोबर भाडेकरूहि आले. आडनांव ऐकतांच "घर नुकतेंच दिलें" असें सांगणारे घरमालक शहरोशहरीं आढळतात. अशांवर फिर्याद टिकणें कठीण, कारण साक्षीदार कोण आणावा? म्हणून आमची विनंति अशी, कीं येथील वाचनालयांनीं बनसोडे यांची कविता मिळवून मोठ्यानें वाचवावी. आणि संत्र्याच्या सौद्यासाठीं कळमेश्वर-मोहप्याकडे जाणाऱ्या व्यापारी बंधूंनीं या कवीचें घर कोठें होतें, याची तेथें एकदां चौकशी करावी.