सूत्रात न दिसणारा पाऊस

पूल दगड-सिमेंटावर उभा असतो असे आपण समजतो. त्याआधी तो एका आकड्यावर उभा असतो. या नदीला जास्तीत जास्त किती पाणी येईल, हा तो आकडा. पुलाची उंची, गाळ्यांची रुंदी, पायाची खोली हे सारे त्यावरून ठरते. मी अभियंता नाही. पण कोकणातले पूल, साकव आणि मोऱ्या पाहत हिंडताना हा आकडा येतो कुठून, याचे कुतूहल वाटू लागले आणि वाचत वाचत इंग्लिस यांच्या सूत्रापाशी पोहोचलो.

सर क्लॉड इंग्लिस हे मुंबई इलाख्यातले अभियंते, पुढे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक. आपल्या भागातल्या नद्यांच्या पुरांवरून त्यांनी एक सूत्र बसवले. नदीचे पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घेऊन त्याला १२४ ने गुणायचे. मग त्याच क्षेत्रात १०.४ मिळवून, येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर म्हणजे पुराचे पाणी, दर सेकंदाला इतके घनमीटर. क्षेत्र १०० चौरस किलोमीटर असेल, तर उत्तर सुमारे ११८० येते. डोंगरात पर्जन्यमापके मोजकीच होती, त्या काळात हे मोठे काम होते.

पण या सूत्रात पाऊस कुठेच नाही. क्षेत्र आहे, पाऊस नाही. तो दडला आहे १२४ या स्थिरांकात. तोवर पाहिलेल्या पुरांची ती साठवलेली आठवण आहे. आपल्या उदाहरणातला पूर म्हणजे सगळ्या पाणलोटावर तासाला सुमारे ४२ मिलिमीटर पाणी, थेंबही न मुरता नदीत येणे. हा हिशेब तुटपुंजा नव्हे. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसासाठीच आखलेली होती. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दिवसभराची सरासरीच तासाला ३९ मिलिमीटर, आणि खरा जोर तर दुपारनंतरच्या काही तासांत होता. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर! असा पाऊस एखाद्या ओढ्याच्या छोट्या पाणलोटावर नेमका पडला, तर त्या ओढ्यावरच्या मोरीचे काय होईल?

आता मोठ्या कामांसाठी पावसाच्या नोंदींवरून संभाव्यता काढतात. नदीकाठच्या गावांना निळी आणि लाल पूररेषा ठाऊक असते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटले की एकदा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही, असे वाटते. अर्थ तसा नाही. दरवर्षी त्या पुराची शक्यता एक टक्का, इतकेच. पन्नास वर्षे टिकणाऱ्या पुलाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळपास ४० टक्के होते.

हे गणितही मागचा पाऊस आणि पुढचा पाऊस एकाच जातीचा असेल, असे धरून चालते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे जुन्या नोंदींवरून काढलेला ‘शंभर वर्षांचा’ पूर आज त्याहून लवकर येऊ शकतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला. या दुर्घटनेचे खापर एकट्या हवामानबदलावर फोडणे प्रामाणिकपणाचे नाही. पुलाचे वय होते, देखभालीचा प्रश्न होता. पण पुरात दगडी पूल कसा जातो, ते समजून घ्यायला हवे. पाणी बहुधा तो वरून ढकलत नाही. खांबाला अडलेला प्रवाह खाली वळतो, भोवरे होतात आणि पायाजवळची वाळू-माती खरवडली जाते. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ बसतो. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. जोरदार पूर जितके वाढतील, तितकी ही न दिसणारी झीज वाढेल.

सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरला २२-२३ जुलै २०२१ दरम्यान २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड बुडाले आणि तळियेवर दरड कोसळली.

सावित्रीवर नवा पूल वर्षाच्या आत झाला, याचे कौतुकच आहे. महामार्गावरच्या पुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. वाडीला दवाखान्याशी जोडणाऱ्या साकवाकडे कोण पाहणार? सगळे पूल पाडून नवे बांधणे कोणालाच परवडणारे नाही. पण पूररेषा नव्या नोंदींनुसार पुन्हा आखता येतात, अरुंद मोऱ्या रुंद करता येतात, पायाची पाहणी पाण्याखाली उतरून करता येते आणि पाणी ठराविक खुणेवर पोहोचताच वाहतूक थांबवता येते. यातल्या शेवटच्या कामाला तर एक रंगवलेली पट्टी आणि तिच्याकडे रात्री पाहणारा एक माणूस पुरतो.

म्हणून पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारावेत. आपल्या पुलाचा आकडा कोणत्या सालापर्यंतच्या पावसावरून काढला आहे? आणि त्याचा पाया शेवटचा कधी पाहिला?