शिक्षेवरची सुनावणी

सत्र न्यायालयाची खोली गच्च भरली आहे. न्यायाधीशांनी आत्ताच पिंजऱ्यातल्या माणसाला दोषी धरलंय. भारतीय दंड संहिता, कलम ३०४, भाग दोन: सदोष मनुष्यवध. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या डोक्यात दांडकं घातलं आणि भाऊ दगावला. गुन्हा आणि खटला दोन्ही १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू होण्याआधीचे, म्हणून जुनेच कायदे.

आता शिक्षा. दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. या कलमाला किमान शिक्षा नाही. नुसत्या दंडापासून दहा वर्षांपर्यंत कुठे थांबायचं, ते न्यायाधीशांनी ठरवायचं.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" ते आरोपीलाच विचारतात.

तो हात जोडतो. "आई म्हातारी हाय साहेब. लेकरं बारकी हायती. दया करा."

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) प्रमाणे हे विचारणं बंधनकारक आहे. आरोपीला आपल्या परिस्थितीबद्दलचा मजकूर, लागला तर पुरावाही, मांडू द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग खटल्यात बजावलंय.

आरोपीचे वकील उठतात. पहिलाच गुन्हा, रागाच्या भरात घडलेला, एकच फटका. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं, अशी विनंती करतात. सरकारी वकील विरोध करतात. घाव डोक्यावर आहे, मयताच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, गावात धाक राहायला हवा. मयताची बायको मागच्या बाकावर बसून ऐकते आहे. तिला कोणी काही विचारत नाही.

न्यायाधीश फाइल चाळतात. शवविच्छेदन अहवाल आहे, पंचनामे आहेत. हा माणूस कसा वागत आला, तुरुंगात कसा राहिला, सुधारेल का, यावर परिवीक्षा अधिकाऱ्याचा एक कागदही नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश होतो. पाच वर्षं सक्तमजुरी, पन्नास हजार दंड, न भरल्यास आणखी सहा महिने. दंड वसूल झाला की रक्कम मयताच्या पत्नीला. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा. निकालाची प्रत आरोपीला मोफत. उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजू मन लावून ऐकल्या. पण पाचच का, तीन किंवा सात का नाही, याचं उत्तर देणारी कायद्याने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने ती २००३ मध्येच सुचवली होती. फाशीची शक्यता असेल तिथे आरोपीच्या पार्श्वभूमीचे अहवाल मागवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज खटल्यात सांगितलं. पाच वर्षांची कैदही माणसाचं आणि त्याच्या घराचं आयुष्य बदलते. म्हणून असा अहवाल, आणि मयताच्या घरच्यांचं म्हणणं, प्रत्येक सत्र खटल्यात शिक्षेआधी न्यायाधीशांसमोर आलंच पाहिजे.