अनुभव हवाय, पण कितीला?

आपल्या शहराची आयपीएल टीम नाही. म्हणूनच बहुधा दुसऱ्यांच्या टीमची काळजी आपण जरा जास्तच मनापासून करतो!

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कॅनॉट प्लेसला आलात, तर आम्ही तुम्हाला हमखास दिसू. चार बाइक्स, चार हेल्मेट आणि चहा संपून अर्धा तास झाला तरी न संपणारी बडबड. एक जण बँकेत, एक सीएकडे, एक शेंद्र्याच्या कंपनीत आणि मी वाळूजला एचआरमध्ये. आठवडाभर टार्गेट, ऑडिट, अटेंडन्स; शुक्रवारी फक्त क्रिकेट. इथे कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारत नाही. चेन्नईचा भक्त तो ‘थाला’. मुंबईवाला ‘पलटन’. सीएकडे असतो तो ‘आकडे’. आणि मी ‘पुणेकर’, कारण पुण्याची टीम होती तेव्हा मी तिच्यासाठी रडलो आणि ती बंद पडल्यावरही रडलो.

१४ नोव्हेंबर २०२५ चा शुक्रवार मात्र जरा गरमच होता. कोणते खेळाडू ठेवले आणि कोणते सोडले, हे सगळ्या टीम्सना दुसऱ्या दिवशी जाहीर करायचं होतं. आणि बातमी अशी होती, की चेन्नई रवींद्र जडेजा आणि सॅम करनला राजस्थानला देणार आणि बदल्यात संजू सॅमसनला घेणार.

‘‘जड्डूला? अरे, दोन बॉलमध्ये दहा रन काढून कप आणून दिलाय त्यानं!’’ थालाचा आवाज पार रस्त्यापलीकडे गेला. खरंच आहे ते. २०२३ ची फायनल, अहमदाबाद, पावसामुळे मध्यरात्र उलटून गेलेली, आणि मोहित शर्माच्या शेवटच्या दोन बॉलवर एक सिक्स, एक फोर. त्या रात्री आपल्या टीव्ही सेंटर चौकात फटाके वाजले होते, हे मी स्वतः ऐकलंय.

‘‘आणि २०२५ मध्ये? दहापैकी दहावे आलात ना राव,’’ पलटन म्हणाला. ‘‘जडेजा ३६ चा, सॅमसन ३१ चा. साधा हिशेब आहे.’’

‘‘तुम्ही हिशेबाचं बोलूच नका. रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलंत आणि २०२४ ला शेवटी बसलात!’’

चहावाले चाचा ग्लास उचलायला आले. ‘‘क्या मियाँ, चाय पीरे के झगडरे?’’ म्हणाले. आम्ही आणखी चार सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, या पोरांना काय पडलंय? ना टीम आपली, ना पैसा आपला. पण बॉस, ही चर्चा दर वर्षी होते आणि प्रत्येक कट्ट्यावर होते. मला वाटतं, यात मजा आहे ती मालक होण्याची. एरवी ज्याला स्वतःचं इन्क्रिमेंट ठरवता येत नाही, तो इथे अठरा कोटींचा माणूस एका वाक्यात विकून टाकतो!

आकडे काय म्हणतात?

आमच्यातला ‘आकडे’ तोपर्यंत गप्प होता. तो गप्प असला की समजायचं, मोबाइलमध्ये काहीतरी शिजतंय. ‘‘तुम्ही दोघंही वयावर भांडताय,’’ तो म्हणाला. ‘‘वय बाजूला ठेवा. काम आणि किंमत बघा.’’

मग त्यानं यादी काढली. २०१८ मध्ये चेन्नई दोन वर्षांच्या बंदीनंतर परत आली, तेव्हा तिशी ओलांडलेले इतके खेळाडू घेतले, की लोक टीमला ‘डॅडीज आर्मी’ म्हणून हसले. त्यातला शेन वॉटसन ३६ वर्षांचा, ४ कोटींना घेतलेला. काम एकच, ओपनिंगला जाऊन मारायचं. फायनलला वानखेडेवर त्यानं ५७ बॉलमध्ये नाबाद ११७ केले. हसणारे गप्प!

२०२३ मध्ये अजिंक्य रहाणे. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातला माणूस. ३४ वर्षांचा, ‘टेस्टवाला’ असा शिक्का बसलेला. चेन्नईनं त्याला ५० लाखांच्या बेस प्राइसला घेतलं, कारण दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. त्यानं १७२ च्या स्ट्राइक रेटनं ३२६ धावा केल्या, टीम जिंकली आणि त्याच जूनमध्ये तो भारताकडून टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल खेळला.

आणि जडेजानं ज्याला शेवटच्या दोन बॉलवर मारलं, तो मोहित शर्मा? तो २०२२ मध्ये गुजरातचा नेट बॉलर होता. म्हणजे मॅच खेळायची नाही, प्रॅक्टिसमध्ये दुसऱ्यांना बॉल टाकायचे. पुढच्या वर्षी त्याच टीमनं त्याला ५० लाखांना घेतलं आणि त्यानं २७ विकेट काढल्या.

‘‘म्हणजे म्हातारे घ्यायचे!’’ थाला खूश.

‘‘थांब. युवराज ऐक.’’ २०१५ मध्ये दिल्लीनं युवराजसिंगला १६ कोटींना घेतलं आणि एका सीझननंतर सोडून दिलं. पुढच्या वर्षी हैदराबादनं त्याच युवराजला ७ कोटींना घेतलं. फायनलला त्यानं २३ बॉलमध्ये ३८ केले आणि कप हैदराबादला गेला. माणूस तोच, एक वर्षानं आणखी मोठा झालेला. पण दिल्लीला टीमचा तारणहार हवा होता आणि हैदराबादला फक्त मधल्या ओव्हर्समधला एक बॅट्समन.

पुणेकराची जखम

इथे मला राहवलं नाही. मी २०१७ काढलं. रायझिंग पुणे सुपरजायंटनं सीझनच्या आधी धोनीची कॅप्टनशिप काढून स्टीव्ह स्मिथला दिली. केवढा गदारोळ झाला होता! आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन गट पडले होते. पण टीमनं कॅप्टनशिप काढली, माणूस नाही काढला. पहिल्या क्वालिफायरला मुंबईविरुद्ध त्याच धोनीनं २६ बॉलमध्ये नाबाद ४० ठोकले आणि पुणे फायनलला गेलं. तिथे १३० हवे होते, झाले १२८. एका रननं गेली राव! अजून झोप येत नाही.

आणि आपल्या शहराच्या नावाची टीम? होती की! २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा टीम्समध्ये एक होती छत्रपती संभाजी किंग्ज. सगळ्या मॅचेस गहुंजेला, म्हणजे आपल्याला टीव्हीवरच बघायच्या. तरी छाती फुगली होती. प्रत्येक टीमला एक आयकॉन खेळाडू होता. आपला आयकॉन २० वर्षांचा राजवर्धन हंगरगेकर, तुळजापूरचा फास्ट बॉलर. कोल्हापूरचा आयकॉन ३८ वर्षांचा केदार जाधव, जो महिनाभरापूर्वीपर्यंत आयपीएलची मराठी कॉमेंट्री करत होता आणि मध्येच बंगळुरूनं बदली खेळाडू म्हणून बोलावल्यावर माइक ठेवून निघाला होता. आणि आपल्या पैठणचा अंकित बावणे, पंधराव्या वर्षी रणजी खेळलेला, महाराष्ट्राची कॅप्टनशिप केलेला? तोही कोल्हापूरकडे! कोल्हापूर फायनलला गेलं, पण कप रत्नागिरीला मिळाला. त्या जूनमध्ये कॅनॉटवर आमचं एकच रडगाणं होतं: घरचा अनुभवी माणूस पन्नास किलोमीटरवर असताना आपल्या टीमनं त्याला घ्यायला नको होतं का?

आणि मग माझी विकेट पडली

मी हे सगळं तावातावानं बोलत होतो. रहाणेसाठी, केदारसाठी, बावणेसाठी. तेवढ्यात पलटननं सहज विचारलं, ‘‘पुणेकर, तुझ्या टूल रूमच्या पोस्टचं काय झालं रे? तो एक्कावन्न वर्षांचा माणूस आला होता ना?’’

माझी बोलतीच बंद झाली.

झालं असं होतं. आमच्याकडे डाय दुरुस्त करणारा माणूस हवा होता. इंटरव्ह्यूला तिघं आले. दोघं तिशीच्या आतले. तिसरे काका सत्तावीस वर्षं टूल रूममध्ये काढलेले. त्यांची आधीची कंपनी बंद पडलेली. मी पॅनेलवर सगळ्यात लहान, पण प्रश्न मीच विचारला होता. ‘‘काका, आमची टीम यंग आहे. जुळवून घ्याल?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, काम काय आहे ते सांगा. मग सांगतो.’’ मला ते उत्तर थोडं लागलं होतं. मी फॉर्मवर ‘ओव्हरक्वालिफाइड’ लिहिलं आणि सही केली.

हे मी कट्ट्यावर सांगितलं. थाला हसला नाही, हे विशेष. आकडे एवढंच म्हणाला, ‘‘तू त्यांना काम सांगितलंस का?’’

नव्हतं सांगितलं. रहाणेला कुणी बोली का लावली नाही, यावर मी दहा मिनिटं भाषण दिलं होतं. आणि हात वर न करणाऱ्यांत मीही बसलो होतो, फक्त टेबल वेगळं होतं.

सोमवारी फाइल काढली. सिलेक्ट केलेल्या मुलानं अजून ऑफर लेटरला उत्तर दिलं नव्हतं; बुधवारी त्यानं पुण्याची नोकरी घेतल्याचं कळवलं. मी साहेबांकडे गेलो. ‘‘किती दिवस टिकतील ते?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘सर, आपल्या अकरा डाय अडकल्यात. तेवढ्या सुरू होईपर्यंत आणि दोन ट्रेनी तयार होईपर्यंत टिकले तरी पुरे.’’ काकांना परत बोलावलं. या वेळी आधी काम सांगितलं. त्यांनी चार प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं आमच्याकडेही नव्हती. एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर ते १ डिसेंबरला जॉइन झाले. पगार त्यांच्या आधीच्या पगारापेक्षा कमी. ही गोष्ट मला अजून टोचते. रहाणे ५० लाखांत मिळाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण स्वस्तात मिळालेल्या माणसाच्या घरी टाळ्या वाजत नाहीत.

१६ डिसेंबरची गंमत

जडेजा राजस्थानला गेला, सॅमसन चेन्नईला आला. मग १६ डिसेंबरला अबुधाबीत ऑक्शन झालं. थाला सकाळपासून यादी घेऊन तयार होता. कोणता अनुभवी फिनिशर घ्यायचा, कोणता परदेशी ऑलराउंडर. आणि ‘डॅडीज आर्मी’वाल्या चेन्नईनं काय करावं? २० वर्षांचा प्रशांत वीर आणि १९ वर्षांचा कार्तिक शर्मा, प्रत्येकी १४ कोटी २० लाख! दोघंही भारताकडून एकही मॅच न खेळलेले.

‘‘संपलं,’’ थाला म्हणाला. ‘‘पोरांवर २८ कोटी ४० लाख. यांना शिकवणार कोण?’’

आकडेनं मोबाइल पुढे केला. चेन्नईच्या ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत ४४ वर्षांचा धोनी होताच. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, या नियमानं किंमत ४ कोटी.

थालानं चहा मागवला. चौघांचा, स्वतःच्या पैशानं. असं क्वचितच होतं!

तुमच्या कट्ट्यासाठी (आणि तुमच्या ऑफिससाठी)

सीनिअर घ्यायचा की नाही, यावर भांडण सुरू झालं तर आधी एवढं विचारा:

• त्याच्याकडून नेमकं कोणतं काम हवंय? एका वाक्यात सांगता येत नसेल, तर बोली लावू नका.

• तुम्ही त्याच्या कामाची किंमत देताय की नावाची?

• त्याच्या शेजारी शिकणारं कुणी बसणार आहे का?

• आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं तुम्ही त्याला सांगितलंय का?