फोटोतल्या माणसाला नाव असतं



आजचा विषय कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. वह्यावाटप झालं की फोटो, गणवेश दिले की फोटो, ऊसतोड कामगारांची मुलं शाळेत दाखल झाली की फोटो. हेतू चांगलाच असतो. पण त्या फोटोत मुलाचा मान राहतो का? वंचित माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी काय केलं ते पाहिलं, तर उत्तर शोधायला मदत होते.

दोन प्रकार

जे घडतंय ते नोंद म्हणून टिपणं म्हणजे दस्तऐवजी छायाचित्रण. प्रकाश, सावली, रचना यांतून स्वतःची दृष्टी मांडणं म्हणजे कलात्मक छायाचित्रण. एकाच फोटोत दोन्ही असू शकतं. पण फोटो सुंदर झाला म्हणजे तो न्याय्य झाला, असं नाही.

माणूस की नमुना?

१८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा फोटोसंग्रह काढला. त्यात बहुतेक माणसं एखाद्या जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभी आहेत. समोरच्या माणसाचं सुखदुःख तिथे महत्त्वाचं नव्हतं.

१९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी शेतमजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला. पण त्यांनी त्या बाईचं नावच विचारलं नव्हतं. फोटो छापल्यावर छावणीत अन्न पोचलं, तोवर ती मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी! त्या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही, ही खंत तिने बोलून दाखवली होती.

वेगळी वाट

लुईस हाईन तर आपल्यासारखेच शिक्षक! न्यूयॉर्कच्या एका शाळेत ते शिकवायचे. १९०८ पासून त्यांनी गिरण्या, खाणी, शेतं फिरून बालमजुरांचे फोटो काढले. सोबत मुलाचं नाव, वय, काम लिहून घ्यायचे. मुलाची उंची कळावी म्हणून ते स्वतःच्या कोटाच्या बटणांशी ताडून बघत. या फोटोंमुळे बालमजुरीविरोधी कायद्यांना मोठं बळ मिळालं.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस त्यात आहे, तशी त्याची घरची माणसंही आहेत. म्हणून तो नुसता 'सफाईवाला' राहत नाही, कुणाचा तरी बाप, नवरा, मुलगा म्हणून दिसतो. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावरही खेड्यापाड्यातल्या कष्टकऱ्यांचे फोटो नावासह, त्यांच्या बोलण्यासह येतात. ते मराठीतही वाचता येतं. वर्गात जरूर दाखवा.

फोटोआधी तीन प्रश्न

१. विचारलं का? 'काढू का?' या प्रश्नाला 'नको' म्हणायची मोकळीक हवी. मोठ्या माणसांसमोर लहान मूल 'नको' म्हणत नाही. म्हणून पालकांनाही विचारा.

२. माणूस काय करताना दिसतोय? हात पसरलेला, की वाचणारा, खेळणारा, राबणारा? वही घेताना मान खाली घातलेल्या मुलापेक्षा त्याच वहीत चित्र काढणारं मूल दाखवा. देणगीदारालाही तेच आवडेल.

३. नाव कुठे लिहायचं? मोठ्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीने जरूर द्या. मुलांचं मात्र वेगळं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख जाहीर करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. एरवीही गरिबीच्या उल्लेखाशेजारी मुलाचं नाव नको. तो फोटो पुढे अनेक वर्षं फिरत राहतो.

वर्गासाठी उपक्रम

आमच्या केमचं कुंकू प्रसिद्ध आहे. कपाळावरचं कुंकू सगळ्यांना दिसतं, ते तयार करणारे हात दिसत नाहीत. तुमच्या गावातही असे हात असतील. चौथी-पाचवीच्या मुलांना मोठ्यांसोबत एखाद्या कष्टकऱ्याकडे पाठवा. आधी गप्पा, मग परवानगी, मग फोटो. खाली नाव आणि त्यांनीच सांगितलेली दोन वाक्यं. फोटोची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यायची, हे विसरायचं नाही.

बघा, परिसर अभ्यास, भाषा आणि माणुसकी असे तीन विषय एकाच तासिकेत होतात.

आणि पुढच्या वाटपाच्या वेळी मोबाईल वर करण्याआधी एवढंच मनात आणा: उद्या हे मूल मोठं होऊन हा फोटो बघेल, तेव्हा त्याला काय वाटेल?