मठारणे : अर्थ आणि लेखन

शिक्षक मित्रांनो, 'माझे बाबा गुंड मठारतात' असं वाक्य भंडाऱ्यातल्या एखाद्या मुलाच्या निबंधात आलं, तर लाल पेन जरा थांबवा. गुंड म्हणजे आपल्या विदर्भातलं पाणी भरायचं पितळी भांडं! आणि मठारणे म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीने जवळजवळ, सारख्या जोराचे ठोके देत जाणे.

इथे 'ठोकणे' लिहून भागत नाही. ठोकून भांड्याला आकार येतो, मठारल्याने ते कडक होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. थंड धातूवर ठोके पडत गेले की तो ताठ होतो, मग पातळ पत्र्यालाही सहज पोचा येत नाही. ठोके अति झाले तर मात्र तडा जातो, म्हणून मध्ये तापवून मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत याच कामाला मठारकाम म्हणतात.

आता लेखन. अक्षर 'ठ'च, 'मटारणे' नको, मटार भाजीत बरा. जुन्या पुस्तकांत 'मठारणें' असा अनुस्वार दिसेल. १९६२च्या नियमांनंतर असे अनुस्वार गेले. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, पाणीचं पानी होतं, तसं मूल 'मठारने' लिहील. तिथे 'ण' करून घ्या, शब्द खोडू नका. तो त्याने घरच्या कामातून आणलाय, आपल्या पाठ्यपुस्तकातून नाही.

पालकांनो, घरी हाताने घडवलेला जुना गुंड असेल तर त्याच्या पोटावरून मुलांना बोटं फिरवू द्या. बारीक चपट्या खुणा लागतात, त्या मठारल्याच्या.